आईची झोपेची गोळी आणि ती बंद करण्याची घाई

अमळनेरजवळच्या एका गावातून एका मुलाने विचारलं आहे. आई ६८ वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी अल्प्राझोलम ०.५ मिलीग्रॅमची एक गोळी रात्री सुरू केली. गेल्या तीन वर्षांपासून दुपारी ०.२५ ची आणखी एक लागते, नाहीतर जीव घाबराघुबरा होतो. जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. नव्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाहून सांगितलं, "हे व्यसन आहे, आजपासून बंद." तिसऱ्या दिवशी आईचे हात थरथरायला लागले, घामाने अंथरूण भिजलं, आणि मध्यरात्री उठून ती वडिलांना हाका मारत अंगणात गेली. घाबरून घरच्यांनी पट्टीत उरलेली गोळी दिली. तासाभरात ती शांत झाली. मुलाचे प्रश्न दोन: आई व्यसनी झाली का? आणि हे सुटणार कसं?

आधी या आठवड्याचं बोलते, बाकी सगळं नंतर. तुम्ही गोळी परत दिलीत ते बरोबर केलंत. आता तीच मात्रा, त्याच वेळा, रोज द्या. एक दिवस द्या, एक दिवस चुकवा असं करू नका. जास्तही देऊ नका. दोन-चार दिवसांत डॉक्टरांना भेटा आणि जे झालं ते तारखेनिशी सांगा. परत असंच भान हरपलं, आकडी आली किंवा आई उठवूनही उठेना, तर उजाडायची वाट पाहायची नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि गोळ्यांची पट्टी सोबत ठेवा. तिथल्या डॉक्टरला ती पट्टी दिसली की निम्मा घोळ मिटतो. नाहीतर म्हातारपणाचं भ्रमिष्टपण समजून भलत्याच दिशेने उपचार सुरू होतात.

मी चोवीस वर्षं जळगाव जिल्ह्यात मानसोपचाराचं काम करते. तुमच्या आईसारखी माणसं माझ्याकडे दर आठवड्याला येतात. "डाक्टरीणबाई, माले गोयीबिगर झोपच येत नही," असं म्हणत पदराची गाठ सोडतात आणि आतून पट्टीचा कापलेला तुकडा काढून टेबलावर ठेवतात. त्यावर नाव नसतं, तारीख नसते, दोन गोळ्या उरलेल्या असतात. त्या दोन गोळ्या संपल्यावर काय, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. त्या भीतीला आपण व्यसन म्हणतो, आणि माझं भांडण तिथेच आहे.

शरीराला औषधाची सवय लागणं आणि माणूस व्यसनी होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. मेंदूची धाव आवरण्याचं काम त्याचं. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या एकाच घराण्यातल्या गोळ्या गाबाचा जोर वाढवतात. महिनोन्‌महिने बाहेरून असा जोर मिळत राहिला की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला सोडतो. मग गोळी अचानक काढली, तर कन्नडचा घाट उतरताना ब्रेकवरचा पाय उचलल्यासारखं होतं. हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप पार उडते, लहानसा आवाजही सहन होत नाही. वाईट झालं तर भ्रम होतो, आकडी येते. अल्प्राझोलम शरीरातून लवकर उतरतं, म्हणून हा त्रास एक-दोन दिवसांतच उभा राहतो. तुमच्या आईला झाला तो नेमका हाच. तिच्या स्वभावाचा किंवा मनाच्या कमजोरीचा त्यात काही संबंध नाही.

व्यसन ओळखायला मी वेगळे प्रश्न विचारते. सांगितल्यापेक्षा जास्त गोळ्या मनानेच घेतल्या जातात का? चार डॉक्टरांकडून चार चिठ्ठ्या आणल्या जातात का? लपवालपवी आहे का? गोळीपायी घर, काम, पैसा यांची वाताहत होतेय आणि तरी थांबवत नाही, असं आहे का? मानसिक आजारांच्या निदानासाठी जगभर वापरली जाणारी अमेरिकी निदानपद्धती २०१३ साली सुधारली गेली. तिच्यातही स्पष्ट म्हटलं आहे की डॉक्टरच्या देखरेखीखाली सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्याला मात्रा वाढवावी लागणं आणि बंद केल्यावर त्रास होणं, एवढ्यावरून व्यसनाचं निदान करायचं नाही. तुमच्या आईने नऊ वर्षं जे लिहून दिलं तेच घेतलं. ती व्यसनी नाही. हे तिला तुमच्या तोंडून, घरातल्या सगळ्यांसमोर ऐकू द्या.

दुपारच्या गोळीबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिथे बहुतेक घरांची फसगत होते. रात्री नऊला घेतलेल्या अल्प्राझोलमचा असर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बराच ओसरलेला असतो. दोन-तीन वाजता येणारी ती धडधड बऱ्याचदा नवा आजार नसते. रात्रीची गोळी उतरत असल्याची ती खूण असते. घरच्यांना वाटतं आईची चिंता वाढली. डॉक्टरलाही तसंच वाटतं आणि दुपारची एक गोळी वाढते. अशी एकाची दोन झालेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या काही चिठ्ठ्यांवर माझीच सही होती.

आता नव्या डॉक्टरांचा राग तुम्ही मनात धरला असेल, तर त्यांचीही बाजू ऐका. आपल्याकडे धुळ्यात, शेजारच्या मालेगावात 'कुत्ता गोळी' हा शब्द पोरासोरांना माहीत आहे. नशेसाठी विकलं जाणारं ते हेच अल्प्राझोलम. पोलिसांच्या धाडी होतात, बातम्या येतात. ही औषधं अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या यादीतही आहेत. शिवाय १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम औषध नियमांच्या एच-वन अनुसूचीत आलं. दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. त्यामुळे मेडिकलवाला कडक झाला, डॉक्टर हात आखडता घ्यायला लागले. नियम योग्यच आहे. २०१९ साली जाहीर झालेल्या दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १.०८ टक्के लोक, म्हणजे सुमारे १.१८ कोटी माणसं, वैद्यकीय कारण नसताना गुंगीची औषधं घेताना आढळली. पण त्या मोजणीत तुमची आई नाही. चिठ्ठीवर औषध घेणारी म्हातारी माणसं तिच्यात धरलेलीच नाहीत. आणि दुकानाच्या काउंटरवर मात्र तिच्याकडे बघण्याची नजर त्या पोरांकडे बघण्याचीच असते. पारोळ्याच्या एका आजी मला म्हणाल्या होत्या, मेडिकलवर चार माणसं उभी असली की मी रांगेतून बाजूला होते, सगळे गेल्यावर चिठ्ठी काढते. नवऱ्यामागे तीन मुलं शेतमजुरी करून वाढवलेली बाई अशी तोंड लपवून उभी राहते, हे मला आजही सहन होत नाही.

माझ्या हातून झालेली चूकही सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचा सल्ला देण्याचा मला हक्क नाही. काम सुरू केल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक निवृत्त एसटी चालक आले. सात वर्षं लोराझेपाम घेत होते, रोज ४ मिलीग्रॅम. मी त्यांना मोठ्या उत्साहाने आठवड्याभरात बंद करायला सांगितलं. पाचव्या दिवशी शेताच्या बांधावर त्यांना आकडी आली, उजवा खांदा निखळला. पंधरा दिवसांनी हात गळ्यात बांधून ते माझ्याकडेच आले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलं म्हणून केलं." त्या दिवसापासून अशी गोळी कमी करताना मी रुग्णाला विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकत नाही.

कमी करायची कशी, तर फार हळू. २०२५ साली अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय संस्थांनी एकत्र येऊन जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के एवढीच कपात सुचवली आहे, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर सहसा जायचं नाही असं म्हटलं आहे. आकडे कोरडे वाटतात, म्हणून तुमच्या आईच्या गोळीवर मांडून दाखवते. दिवसाला ०.७५ मिलीग्रॅम अल्प्राझोलम. ०.२५ ची गोळी अर्धी तोडली तर कमी झालं ०.१२५, म्हणजे एका फटक्यात जवळपास १७ टक्के. अर्धी गोळी दिसायला किती लहान, पण ६८ वर्षांच्या शरीराला ती कपात मोठी. म्हणून काही रुग्णांना आम्ही डायझेपामसारख्या हळू उतरणाऱ्या औषधावर नेतो. ढोबळ हिशेबाने ०.५ मिलीग्रॅम अल्प्राझोलम म्हणजे १० मिलीग्रॅम डायझेपाम. तुमच्या आईची मात्रा धरली तर १५. डायझेपामची २ मिलीग्रॅमची गोळी मिळते, तिची अर्धी म्हणजे १. अशा एकेका मिलीग्रॅमच्या पायऱ्या पाडता येतात. पण डायझेपाम म्हाताऱ्या शरीरात साचतं, दिवसा गुंगी राहते, रात्री लघवीला उठताना तोल जातो. खुब्याचं हाड मोडलं तर सगळ्यावर पाणी. म्हणून कुणाला बदलून द्यायचं आणि कुणाला आहे त्याच गोळीवर ठेवून उतरवायचं, हे वय, यकृत, चाल आणि बाकीची औषधं बघून ठरवावं लागतं. हा हिशेब वाचून घरी स्वतःच सुरुवात करू नका, एवढं माझं ऐका.

मी असते तर पहिले दोन-तीन आठवडे काहीच कमी केलं नसतं. आईला बसलेला धक्का आधी ओसरू दिला असता. मग कपातीची पहिली तारीख तिला विचारून ठरवली असती. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येणार असतील, घरात लग्न असेल, कापूस वेचणीची धांदल असेल, तर त्या महिन्यात पायरी उतरायची नाही. एखादी पायरी जड गेली तर तिथेच महिनाभर थांबायचं. मागे न फिरता थांबता येतं, हे कळलं की माणसाचा धीर वाढतो. तुमच्या आईला एकूण वर्ष, कदाचित दीड वर्ष लागेल. नऊ वर्षांच्या मानाने ते जास्त नाही.

गोळी तोडायची म्हणजे काय, तेही डोळ्यांसमोर आणा. एरंडोल तालुक्यातल्या एका सुनेने सासूच्या गोळ्यांसाठी एक पद्धत बसवली होती. दर रविवारी सकाळी पाटावर पांढरा कागद पसरायचा, नवं ब्लेड घ्यायचं, गोळीच्या मधल्या खाचेवर ठेवून एकदाच दाबायचं. चुरा झालेली गोळी बाजूला, बरोबर दुभंगलेले तुकडे सात छोट्या डब्यांत. डबे साध्या कुंकवाचे, झाकणावर वार लिहिलेले. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात सासूबाई रोज सकाळी स्वतः एक खूण करायच्या: झोप बरी झाली तर टिंब, नाही झाली तर आडवी रेघ. महिन्याने ते पान घेऊन त्या दोघी आल्या. आजी म्हणत होत्या, "एक रात्र झोप नाही." पानावर एकोणीस टिंबं होती. आम्ही तिघींनी ती बोटाने मोजली. मेडिकलमध्ये गोळी कापायची छोटी डबीही मिळते, ती वापरली तरी चालेल. फक्त 'एसआर' लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी कधीच तोडू नका, तिचं सगळं औषध एकदम अंगात उतरतं.

मात्रा उतरवताना एखादा आठवडा वाईट जाणारच. त्या आठवड्यात घरातलं कुणीतरी म्हणतं, "बघा, गोळीशिवाय जमतच नाही." घाईने ठरवू नका. गोळी कमी केल्याचा त्रास सहसा कपातीनंतर काही दिवसांतच येतो, काही आठवड्यांत ओसरतो, आणि त्यात पूर्वी कधीच नसलेली लक्षणं असतात. उजेड खुपणं, कानात आवाज, अंगावर मुंग्या चालणं. एक आजोबा म्हणायचे, "मना डोकामा भुंगा फिरस." त्यांच्या मूळ आजारात भुंगा नव्हता, त्यावरूनच आम्हाला कळलं की हा गोळी उतरण्याचा त्रास आहे. भुंगा तीन आठवड्यांनी गेला. मूळ आजार परतला असेल तर तो सावकाश येतो, ओळखीच्या रूपात येतो आणि हटत नाही. तसं असेल तर त्याचा इलाज वेगळा करायचा.

आणि तुमच्या आईचा मूळ आजार कोणता होता? वडील गेल्यावर झोप न लागणं. नऊ वर्षांपूर्वी दहावं-तेरावं उरकलं, माणसं पांगली, आणि रिकाम्या खोलीत ती आणि गोळी उरली. भ्रमात ती वडिलांना हाका मारत अंगणात गेली, हे तुम्ही लिहिलंत. गोळी कमी होताना हे दुःख परत वर येईल, तेव्हा तिला बोलू द्या. तुम्हाला डॉक्टरसारखं काही उत्तर द्यायचं नाहीये. संध्याकाळी ओट्यावर अर्धा तास शेजारी बसलात तरी त्याचा उपयोग होतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

झोपेबद्दल एक प्रश्न जरूर तपासा. ती किती वाजता आडवी होते? आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका दिवेलागणीनंतर भाकरी खाऊन साडेआठला अंथरुणावर पडतात आणि तीनला जाग आली की "रात्रभर झोप नाही" म्हणतात. ते साडेसहा तास झाले. या वयाला तेवढी झोप पुष्कळ. शिवाय दुपारी दीड तास डोळा लागतोच. दुपारची झोप वीस-पंचवीस मिनिटांवर आणा, रात्री झोप येईपर्यंत अंथरुणावर पाठ टेकू नका, जाग आली आणि झोप येईना तर उठून बसा, आणि सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेवा. चारनंतरचा चहा बंद. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत कुणालाच झोप लागत नाही. तो महिना गोळी कमी करायला निवडू नका.

आईच्या बाकीच्या सगळ्या पट्ट्या एकदा उजेडात धरून वाचा. कित्येक गोळ्यांत ही औषधं मिसळलेली असतात आणि घेणाऱ्याला पत्ताच नसतो. नैराश्याच्या एस्सिटालोप्राममध्ये क्लोनाझेपाम, धडधडीच्या प्रोप्रानोलोलमध्ये अल्प्राझोलम, आणि पोटदुखी-गॅससाठी दिल्या जाणाऱ्या क्लिडिनियमच्या गोळीत क्लोरडायझेपॉक्साइड. 'पोटाची गोळी' म्हणून ती आठ वर्षं घेणारे लोक मला भेटले आहेत. गुडघ्यांसाठी ट्रामाडॉल चालू असेल तर डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांगा. ते अफूच्या जातकुळीतलं आहे, त्याचीही सवय लागते, आणि झोपेच्या गोळीसोबत घेतलं तर श्वास मंदावतो. दारूचंही तसंच. नैराश्यावरच्या साध्या औषधांबद्दल मात्र उलटी चूक होते. "सवय लागेल" म्हणून घरचे ते बंद करतात आणि झोपेची गोळी तेवढी चालू ठेवतात. नैराश्याचं औषधही हळूच उतरवायचं असतं, पण त्याची ओढ लागत नाही.

सगळे शून्यावर येतात का? नाही. चोपड्याच्या बाजूचे एक नाना ८१ वर्षांचे आहेत. चार वर्षांत दीड मिलीग्रॅम क्लोनाझेपामवरून पाव मिलीग्रॅमवर आले, आणि तिथे दोनदा अडखळले. आम्ही दोघांनी तिथेच थांबायचं ठरवलं. आता ते रात्री पडत नाहीत, नातवाचं नाव विसरत नाहीत, दर तीन महिन्यांनी येऊन चिठ्ठी घेतात. मी ती मोकळ्या मनाने लिहिते.

माझ्या व्यवसायातले कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही दोन शब्द. ऐंशी जणांच्या ओपीडीत ही गोळी लिहायला दहा सेकंद लागतात आणि न लिहिण्याचं कारण समजवायला वीस मिनिटं, हे मला माहीत आहे. पण पहिल्या दिवशीच, दोन ते चार आठवड्यांनंतरची बंद करायची तारीख चिठ्ठीवर लिहिली तर पुढची नऊ वर्षं वाचतात. आणि ज्यांची वर्षं आधीच गेली आहेत, त्यांना नीट माहिती दिली तरी फरक पडतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये वयस्क रुग्णांना मेडिकल दुकानांमार्फत गोळीचे धोके आणि ती उतरवण्याची पद्धत सांगणारी साधी पुस्तिका दिली होती. सहा महिन्यांत त्यातल्या २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. २०१४ सालचा हा अभ्यास आहे. मराठीत, आणि शक्य तिथे अहिराणीत, तशी चार पानं आपल्या दवाखान्यांत असायला हवीत.

तुम्ही नव्या डॉक्टरांकडे परत जा, आणि आईला बोलू द्या. कागदावर एवढंच लिहून न्या: कोणती गोळी, किती, किती वाजता, किती वर्षं, आणि बंद केल्यावर कोणत्या दिवशी काय झालं. म्हणा, "आम्हाला कमी करायची आहे, पण हळू. तुम्ही कराल का, नाहीतर कुणाकडे पाठवाल?" ते नाही म्हणाले तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात केस पेपर काढा. मधल्या काळात रात्री-अपरात्री अडलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि पट्टी संपत आली असेल तर शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका, सात गोळ्या उरल्या की निघा.